वारं आलं का, आप्पा?

पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं. मी बोट उचललं आणि सूर थांबलाच नाही.

चर्चच्या ऑर्गनवर माझा तो पहिला रविवार. पहिलं गीत कसंबसं संपलं, मंडळी खाली बसली, पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले, आणि माझ्या डोक्यावरचा एक पाईप आपला 'पीऽऽऽ' करत राहिला. मी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यावर करतात तसे! तरी पीऽऽऽ. पट्टी दाबली, उचकली, तिच्यावर फुंकर मारली. पीऽऽऽ. मुळात मी कुकरच्या शिट्टीला दचकणारी मुलगी. मला वाटलं, आता हे कायमचंच. मी म्हातारी होईन तरी हा वाजतच असेल.

माझ्याआधी कित्येक वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या टीचर दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. संधिवातानं बोटं आखडली म्हणून त्यांनीच मला शिकवून पुढे ढकललं होतं. डोळे मिटूनच त्या पुटपुटल्या, "घाबरू नकोस. तो आमेन ऐकला की थांबतो."

पाळकसाहेब "आमेन" म्हणाले. आणि सूर थांबला!

माझ्या अंगावर काटा आला. श्रद्धा म्हणजे काय ते मला आज कळलं, असं मी घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा. महिनाभरानं कळलं, की ऑर्गनच्या मागे भाता हलवणारे बिरुआप्पा प्रार्थना संपेपर्यंत दांडा सोडत नाहीत, आणि आमेन झालं रे झालं की तंबाखू मळायला बाहेर जातात. वारं बंद, सूर बंद!

असे किस्से. दौंडच्या आमच्या चर्चमध्ये ते पाईपांत साठणाऱ्या धुळीसारखे साठतात. एक सांगायला घ्यावा तर मागचे चार शिंकत बाहेर येतात.

मी शिरूरला बी.ए. करत होते तेव्हाच्या, म्हणजे दोन हजार सालाच्या आसपासच्या या गोष्टी. शनिवारी एस.टी.नं दौंडला यायचं, मावशीकडे राहायचं, रविवारी वाजवायचं. नाव माझं सुवार्ता. नाव चांगल्या बातमीचं, आणि जीव कायम वाईट बातमीच्या तयारीत! पण त्या ऑर्गनसमोर बसलं की माझी भीती बोटांतून खाली उतरायची आणि पाईपांतून गाणं होऊन बाहेर पडायची. जगात मला दचकायला न होणारी तेवढी एकच जागा होती.

आणि नेमका तोच ऑर्गन आमच्या कमिटीच्या सेक्रेटरींना नको होता. हे सेक्रेटरी रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणत. खिशात अजून शिट्टी, मनगटावर स्टेशनच्या घड्याळाला लावलेलं घड्याळ. "हे धूड काढा आणि कीबोर्ड आणा," ते दर मीटिंगला म्हणायचे. "प्लग लावला की वाजतो, तंबाखू खात नाही!"

*

हे धूड आलं कसं, ते टीचरांकडून ऐकावं.

इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या कुणा साहेबानं ते विलायतेहून मागवलं. लांबलचक पेट्या मालगाडीतून दौंड स्टेशनात उतरल्या. वर लिहिलेलं होतं, 'पाईप'. आता स्टेशनातल्या लोकांना पाईप म्हणजे एकच ठाऊक, इंजिनात पाणी भरायचा. साहेब रजेवर. त्यांनी अगदी इमानदारीत पेट्या फोडल्या आणि सर्वांत मोठ्या पाईपापासून सुरुवात करून टाकीकडे खोदाई चालू केली! साहेब परत आला तोवर बाकीचे वाचले. मोठा मात्र जमिनीत गेला तो गेला. कुठे पुरला, ते पुरणाऱ्यांनाही सांगता येईना.

म्हणून आमच्या ऑर्गनला सर्वांत खालचा सूर नाही. गीतात ती जागा आली की सगळी मंडळी तोंड मिटून "हूंऽऽ" करते आणि पुढे जाते. आजोबा करायचे म्हणून वडील, वडील करायचे म्हणून आम्ही.

एकदा पुण्याचे एक पाहुणे भारावून टीचरांना म्हणाले, "त्या हुंकारात केवढी भक्ती आहे हो!"

टीचर म्हणाल्या, "भक्ती नाही, प्लंबिंग आहे."

*

एक घोळ माझ्यामुळे झाला. कॉलेजात मी सहज बोलून गेले, की आमच्या चर्चमध्ये ऑर्गन आहे. शिरूरच्या हौशी नाटक मंडळींना त्या वर्षी संगीत नाटक बसवायचं होतं, आणि नाटकवाल्यांचा ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारायची पेटी. पुढच्याच शनिवारी दोघं जण टेम्पो घेऊन दौंडला हजर!

"ऑर्गन न्यायला आलोय. दोन माणसं बास ना?"

मी नुसती त्यांना आत घेऊन गेले आणि बोट वर केलं. दोघांनी माना मागे टाकून छतापर्यंत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांतल्या मोठ्यानं टोपी काढली.

"ताई, आम्हाला नाटकाला साथ पाहिजे होती. ह्याच्यापुढं नाटकालाच साथीला बसावं लागंल!"

*

आता बिरुआप्पा.

आप्पा भांडगावचे, जातीनं धनगर. घरची मेंढरं त्यांच्या वडिलांपासूनच कमी होत गेली, शेती आली. पण भात्याला कातडं लागतं, ते त्यांच्या वडिलांनी पुरवलं, आणि कातडं लावणाऱ्यालाच तो हलवायचं कसब आलं. तेव्हापासून ही जागा त्यांच्या घराकडे. आप्पा चर्चच्या आवारातल्या खोलीत राहायचे, झाडांना पाणी घालायचे आणि रविवारी ऑर्गनच्या पाठीमागच्या लाकडी खोपटात बसून भात्याचा दांडा खालीवर करायचे.

माझ्यापुढे एक हातभर आरसा टांगलेला. त्यात पाठीमागचं सगळं चर्च दिसायचं, अगदी शेवटच्या दारापर्यंत. फक्त आप्पा दिसायचे नाहीत. आणि वारं भरलेलं नसताना पट्ट्या दाबल्या, तर ऑर्गन चिखलात बसलेल्या म्हशीसारखा आवाज काढायचा. म्हणून टीचरांच्याही आधीपासूनची एक रीत होती. गीत सुरू करण्यापूर्वी हळूच विचारायचं, "आप्पा, वारं?"

आतून उत्तर यायचं, "आलं!"

की मग सुरू.

भात्याला कातड्याची सात ठिगळं होती. आप्पांच्या लेखी ती ठिगळं नव्हतीच. "ही चांदी. ही भुरी. ही गवळण, लई गुणाची." ज्या मेंढीचं कातडं, तिचं नाव.

एका रविवारी उपासनेला दहा मिनिटं असताना आत फाटकन आवाज झाला. मी अर्थातच किंचाळले. आप्पा डोळे पुसत बाहेर आले. "बाय, गवळण गेली."

मी धावत पाळकसाहेबांकडे. ते नवीन, येऊन पंधराच दिवस झालेले. मी धापा टाकत म्हटलं, "साहेब, गवळण गेली! आप्पा रडतायत!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि अर्ध्या तासानं व्यासपीठावरून प्रार्थना केली, "आपल्या बिरुआप्पांच्या घरातील गवळणबाई आज आपल्याला सोडून गेल्या..."

मी आरशात पाहिलं. टीचरांनी तोंडात रुमाल कोंबला होता.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब स्वतः सांत्वनाला गेले. "किती वर्षांच्या होत्या?"

"जुनी हो लई. माझ्या बाच्या हातची."

"मुलंबाळं?"

"दोन कोकरं."

"कोकरं?"

आप्पांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं! "पाळक म्हणवता सोताला, आन् मेंढरू वळखत न्हाई व्हय?"

*

गवळण गेली ही गार्डसाहेबांना संधीच मिळाली. "माणूस कशाला पाहिजे? पंखा लावा!" म्हणून त्यांनी न्हावऱ्याहून पोपटमामांना आणलं. मामा कांदा पिकवायचे आणि उरलेल्या वेळात पंचक्रोशीतल्या मोटारी दुरुस्त करायचे.

पोपटमामांनी ऑर्गनभोवती एक फेरी मारली. "म्हंजी वारं आत जायला पायजे, एवढंच ना? त्यात काय हाय!" आणि शनिवारी त्यांनी आपला उफणणीचा पंखा आणून भात्याच्या जागी पक्का बसवला. सुगी नुकतीच संपलेली. पंखा पुसायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी उपदेशाचा विषय नेमका गहू आणि भुसा. उपदेश संपला, गार्डसाहेबांनी घड्याळ पाहून हात खाली केला, मामांनी बटण दाबलं, मी पट्टी दाबली.

आधी भुसा आला!

सगळ्या पाईपांतून, एकदम. पहिल्या चार बाकांवर, पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर, गार्डसाहेबांच्या टकलावर. त्यामागोमाग चिमण्यांची घरटी. आणि सर्वांत शेवटी एक सूर निघाला, तोही निम्म्यात विरला. लोडशेडिंग!

त्या शांततेत टीचरांचा आवाज आला, "आजचा उपदेश प्रात्यक्षिकासह होता."

सगळं चर्च हसलं. एकटे गार्डसाहेब हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरचा भुसा झाडला आणि त्याच आठवड्यात कमिटीकडून ठराव करून घेतला. चर्चच्या वाढदिवसाला बिशपसाहेब येणार होते. त्या दिवशी ऑर्गन एक गीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाजला तर राहील. नाही वाजला तर पुण्याचा जुन्या सामानाचा व्यापारी त्याच दुपारी घेऊन जाईल. व्यापारी येऊन टेपनं मापंसुद्धा घेऊन गेला. मी बाकावर बसलेले असतानाच! मला वाटलं, माझंच माप घेतायत.

*

तरी आप्पा होते तोवर मला धीर होता. त्यांनी पंखा काढून भाता परत जोडला होता, आणि नवं कातडं आणून गवळणीच्या जागी तिचीच नात बसवली होती. सगळं सुरळीत चाललं असतं. पण एक म्हैस आडवी आली.

टीचरांच्या शेजारणीकडे तिची बहीण आली होती, हौसाबाई, वडगाव रासाईची. बाजा ऐकायला म्हणून ती चर्चला आली आणि अगदी पुढे, ऑर्गनच्या कडेला बसली. मी हळूच विचारलं, "आप्पा, वारं?" आतून खणखणीत, "आलं!" आणि त्या पाठोपाठ पाईपांचा असा दणदणाट, की बाकं थरथरली.

आता वारं येणं म्हणजे अंगात देव येणं, हे वडगाव रासाईत कुणाला सांगायला लागतं? हौसाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. गीत संपेपर्यंत हात जोडून थांबल्या. मग उठल्या, सरळ ऑर्गनच्या मागे गेल्या आणि खोपटाच्या फळीला कपाळ टेकून म्हणाल्या, "देवा, वारं आलंय तंवर सांगा. आमची म्हस चार दिवस झालं घरला न्हाई. कुठं हाय?"

आतून आप्पांचा आवाज, शांतपणे, "एक शिंग मोडल्यालं हाय का?"

"व्हय देवा, व्हय!"

"नदी उतरून केडगावला गेलीया. कोंडवाड्यात हाय. बिगीबिगी जावा."

आप्पा आदल्याच दिवशी भांडगावहून येताना केडगावला एस.टी. बदलत होते. तिथे समोरच्या कोंडवाड्यात त्यांनी ती म्हैस पाहिली होती. पण हे हौसाबाईंना कोण सांगणार? संध्याकाळच्या आत म्हैस घरी!

पुढच्या रविवारी आमच्या चर्चला कधी नव्हे ती गर्दी झाली. एकाला मुलाच्या लग्नाचं विचारायचं होतं. एकीला सुनेचं. एक बागायतदार तर थेट खोपटाशी वाकला, "बोअरला पाणी कुठं लागंल?"

आप्पा म्हणाले, "टेसनाजवळ खणा. आमचा एक पाईप बी घावंल."

*

गार्डसाहेब लालबुंद. "चर्चमध्ये वारं? उद्या लिंबू-नारळ घेऊन येतील! आजपासून तो शब्द बंद!" त्यांनी रेल्वेच्या शिस्तीत नवा नियम केला. मी विचारायचं, "रेडी?" आप्पांनी म्हणायचं, "येस."

मी रात्रभर ते पाठ केलं. रविवारी हळूच म्हटलं, "रेडी?"

आतून आवाज, "कुठाय?"

मी पुन्हा, "रेडी?"

"अगं बाय, म्हस घावली! तिच्या रेडीचं मला काय ठावं?"

अख्खं चर्च फुटलं. लहान मुलं बाकांवर उभी राहून बघायला लागली. गार्डसाहेबांना वाटलं, आप्पांनी मुद्दाम केलं. त्यांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला, "एवढा साधा शब्द कळत नाही? जनावरांत राहून राहून..." आणि पुढचं गिळलं. पण जायचं ते गेलं होतं.

आप्पा खोपटातून बाहेर आले. कुणाकडे न बघता पागोटं नीट केलं. "बाच्या येळंपासनं वारं म्हणलं की आलं म्हणतोय. आता देवाच्या दारात रेडीला हाक घालत न्हाई मी." आणि त्याच दुपारी भांडगावला निघून गेले.

वाढदिवसाला आठ दिवस राहिले होते.

*

मी एकटी भांडगावला गेले. कंडक्टरच्या प्रत्येक घंटेला दचकत गेले, पण गेले. आप्पा बाभळीखाली बसून मेंढरांकडे बघत होते. मी रडायच्या बेतात म्हटलं, "आप्पा, तुम्ही नाही आलात तर ऑर्गन जाईल हो."

"ठावं हाय, बाय." त्यांनी मला पाणी दिलं. "मी काय रुसलो न्हाई. पर गार्डसायबास्नी सांग, एकदा त्या खोपटात बसा. घामाघूम व्हा. आन् आतनं सोता म्हणा, 'आलं'. मंग मी हायेच."

तो निरोप मी गार्डसाहेबांना दिला. रोज सकाळी ते प्लॅटफॉर्मवर येऊन गाड्यांच्या वेळा तपासत बसायचे, तिथे. त्यांनी ऐकून घेतलं. येणारी गाडी गेली, तिचा शेवटचा डबा दिसेनासा झाला, तेव्हा बोलले, "इम्पॉसिबल."

मी टीचरांकडे जाऊन धाय मोकलून रडले. टीचर मटार सोलत होत्या. "रडू नकोस. गार्डाचा डबा शेवटीच असतो," म्हणाल्या, आणि माझ्यापुढे निम्मे मटार सरकवले.

*

वाढदिवसाचा रविवार. चर्च गच्च. बिशपसाहेब मधल्या खुर्चीवर. पहिल्या बाकावर गार्डसाहेब, सुटाबुटात. उघड्या खिडकीतून व्यापाऱ्याचा टेम्पो दिसत होता. त्याचा ड्रायव्हर फाळका खाली पाडून तयार.

मी बाकावर बसले. पाळकसाहेब म्हणाले, "आपण उभे राहून गीत गाऊ या." मंडळी उभी राहिली.

नियमानं मी म्हटलं, "रेडी?"

काही नाही.

"रेडी?"

खोपट रिकामं होतं, हे मलाही माहीत होतं. तरी विचारलं. मी आरशात पाहिलं. अगदी शेवटी, दाराच्या चौकटीत, पागोटं! आप्पा आले होते. पण आत येत नव्हते. हात पाठीमागे बांधून उंबऱ्याबाहेर नुसते उभे.

बिशपसाहेब खाकरले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाईपांकडे पाहिलं. टेम्पोच्या ड्रायव्हरनं दोर काढला. आणि आरशात काहीतरी बदललं होतं, ते मला उशिरा कळलं. पहिल्या बाकावरची गार्डसाहेबांची जागा मोकळी होती. त्यांचा कोट तेवढा घडी घालून ठेवलेला, आणि त्यावर घड्याळ.

मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोललेली नाही. पण त्या दिवशी डोळे गच्च मिटले आणि इतक्या जोरात ओरडले, की आप्पांच्याही पलीकडे, रस्त्यापर्यंत गेलं असेल.

"वारंऽऽ?"

पाईपांच्या मागे काहीतरी धडपडलं. दांडा कुरकुरला. मग शिट्टी वाजली, लांबलचक, गाडी सोडताना वाजवतात तशी, आणि मी नेहमीप्रमाणे दचकले.

आणि मागोमाग धापा टाकत गार्डसाहेबांचा आवाज आला, "आलं!"